झोन शून्य : हायड्रोजेल प्रकल्पाच्या नोंदी

१० जुलै २०२४, बुधवार

विषय एकदाचा ठरला. पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) आणि कायटोसान (कोळंबीच्या टरफलांपासून होणारा पदार्थ) यांचं हायड्रोजेल करायचं, जखमेवर ठेवायच्या पट्टीसाठी, आणि ते जंतू मारतं का ते बघायचं. यादीतले बाकीचे तीन विषय गाइड मॅडमनी एका रेघेत उडवले. मला हाच हवा होता, कारण घरात आजी. मधुमेह, पायाला न भरणारी जखम, आणि रोज सकाळी सुकलेलं गॉज सोडवताना होणारा तिचा चेहरा. गॉज निघतं ते नवी कातडी घेऊनच. जखम कोरडी ठेवावी ही समजूत आमच्या घरात अजून पक्की आहे. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं ते १९६२ मध्ये.

हायड्रोजेल म्हणजे पाण्यात विरघळू शकणाऱ्या लांब साखळ्या, पण एकमेकींना मध्येमध्ये गाठी मारून ठेवलेल्या. त्यामुळे ते पाणी पितं, फुगतं, आणि तरी विरघळून जात नाही. १९६० मध्ये विख्टर्ले आणि लिम यांनी असंच एक जेल जगापुढे ठेवलं, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली.

मॅडमचं वाक्य जसंच्या तसं: "जेल कुणीही करतं गो. कंट्रोल कोण लावतं ते बघते मी." कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, तपासायची वस्तू नसलेला नमुना. मी हसले आणि निघाले.

१६ जुलै, मंगळवार

पीव्हीए १० टक्के. पहिली खेप फुकट. गरम पाण्यात पावडर ओतली आणि तिचे गोळे झाले, बाहेरून चिकट, आतून कोरडे. नाचणीचं सत्त्व उकळत्या पाण्यात टाकलं तर जे होतं तेच. घरी हे मला कळतं, लॅबमध्ये कळलं नाही. दुसऱ्या खेपेला पावडर गार पाण्यात भुरभुरली, अर्धा तास भिजू दिली, मग ढवळत ढवळत ९० अंशांवर नेली. दोन तासांत काचेसारखं स्वच्छ.

कायटोसान २ टक्के, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये. साध्या पाण्यात ते विरघळतच नाही. आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धन भार येतो, साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात आणि मग ते सुटतं. रात्रभर ढवळायला ठेवलं. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळलं. सगळ्या खोलीला विनागरचा (व्हिनेगरचा) वास, त्यातलं आम्ल हेच.

२४ जुलै, बुधवार

मिश्रण पेट्री डिशमध्ये ओतून उणे २० अंशांवर गोठवायचं, मग खोलीत वितळू द्यायचं, असं पाच वेळा. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात, पीव्हीएच्या साखळ्या उरलेल्या चिंचोळ्या जागेत दाटतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनतात. त्याच गाठी. वेगळं रसायन लागत नाही, म्हणून मागाहून धुऊन काढायचंही काही नाही. ही फ्रीज-थॉ रीत मला म्हणूनच आवडली.

काल रात्री वादळ. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, वॉचमनदादांनाही सांगता येईना. डीप फ्रीज उघडला तेव्हा डिशेस गोठलेल्या होत्या, पण कडेला पाणी साचून परत गोठल्याच्या खुणा. म्हणजे तिसरं चक्र मध्येच वितळलं आणि पुन्हा गोठलं. हे दुसरं चक्र म्हणायचं की चौथं? डबा क्रमांक ५ वर मार्करने "अडीच" लिहून बाजूला ठेवला. फेकवत नव्हतं.

३० जुलै, मंगळवार

फुगण्याची चाचणी. सुकं वजन घ्या, पाण्यात बुडवा, २४ तासांनी वरचं पाणी टिपून ओलं वजन घ्या. पुस्तकात दोन ओळी आहेत.

पुस्तक गोव्याच्या पावसाळ्यात लिहिलेलं नाही. ओव्हनमधून काढलेली चकती काट्यावर ठेवली: ०.४१८३. पेन उचलेपर्यंत ०.४१८७. वहीत लिहीपर्यंत ०.४१९४. काच बंद, पंखा बंद, श्वास धरलेला, आणि शेवटचा आकडा तरी वर चाललेला, टॅक्सीच्या मीटरसारखा. पाणी पिणारीच वस्तू बनवली आहे मी, ती हवेतलं पाणी पिणारच. डेसिकेटरमधली सिलिका निळी असायला हवी, ती गुलाबी. कधीपासून गुलाबी आहे कोण जाणे. म्हणजे ज्या भांड्यात मी चकत्या सुकत ठेवत होते तेही दमट.

सिलिका ओव्हनमध्ये भाजून निळी केली. चकत्या झाकणाच्या बाटलीत वजन करायला घेतल्या: आधी रिकामी बाटली, मग चकतीसह. आता आकडा थांबतो. सुकी ०.४२ ग्रॅम, ओली १.९३. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या साधारण ३६० टक्के पाणी. गेल्या आठवड्याचे सगळे आकडे खोडले.

६ ऑगस्ट, मंगळवार

मासेमारीची बंदी उठली. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे ट्रॉलर बंद, तोवर ताजी सुंगटं (कोळंबी) विसरायची. मी वाट बघत होते ती खाण्यासाठी कमी, टरफलांसाठी जास्त. विकतचं कायटोसान हाताशी आहेच, पण ते येतं कुठून ते एकदा स्वतः करून बघायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "एक बॅच. एकच."

फोंड्याच्या बाजारातून आईने दोन किलो आणली. तिने सोलली, मी टरफलं उचलली. डोकी तिने दिली नाहीत, रस्सा त्यातच आहे म्हणाली. टरफलं धुतली, उकळली, पण या हवेत उन्हात वाळवणं अशक्य. गॅसच्या ओव्हनमध्ये सुकवली, आणि ओव्हनचा वास अजून गेलेला नाही. वडील यावर काही बोलत नाहीत, पण नानकटाईही मागत नाहीत.

कदंब बसने लॅबला जाताना पिशवी दोनदा गुंडाळली होती. शेजारच्या बाईंनी तरी जागा बदलली.

१२ ऑगस्ट, सोमवार

६० ग्रॅम सुकी टरफलं. पहिली पायरी १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड: टरफलातलं कॅल्शियम कार्बोनेट फसफसून निघून जातं. मी ॲसिड घाईने ओतलं, फेस बीकरबाहेर आला. ते थोडं थोडं ओतायचं असतं. मग ४ टक्के कॉस्टिक सोड्यात गरम करून प्रथिनं काढली. पाणी चहाच्या रंगाचं झालं. उरलं ते कायटिन, ११ ग्रॅम, फिकट नारिंगी. हा रंग ॲस्टाझँथिनचा, सुंगटं शिजली की लाल होतात तो.

खरी मेहनत पुढे, कायटिनचं कायटोसान करायची. ५० टक्के कॉस्टिक सोडा, १०० अंश, चार तास. सोडा पाण्यात टाकताना भांडं हाताला लागेल इतकं तापतं. गरम तीव्र सोडा काचेला खातो, म्हणून स्टीलचं भांडं. चष्मा, जाड हातमोजे, फ्यूम हुड. लॅबच्या दाराशी दोन मांजरं येऊन बसली होती. त्यांना कोणी सांगितलं?

हाती आलं ८ ग्रॅम कायटोसान, तपकिरी झाक असलेलं. टायट्रेशनने बघितलं तर डीॲसिटिलेशन ७४ टक्के, म्हणजे तेवढेच अमिनो गट मोकळे झालेत. विकतच्यावर ८५ लिहिलंय. ॲसिडमध्ये माझं विरघळतं, पण तळाला कोंड्यासारखं काहीतरी राहतं. प्रकल्पासाठी विकतचंच वापरायचं ठरलं. माझी बाटली कपाटात, नाव घालून.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज जंतूंची पहिली गाठ. मायक्रोबायोलॉजीची माझी जोडीदारीण सोबत, हे काम तिच्याच खोलीत करायचं. दोन जाती, पुढे जंतुसंग्रहातले त्यांचे क्रमांक: स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३, आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२. जगभरच्या लॅबमध्ये हेच दोन वापरतात, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात.

जंतूंचं पाणी किती गढूळ हवं त्याचं माप आहे, मॅकफार्लंड ०.५. मापाच्या नळीत जंतू नसतातच. बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक ॲसिड मिसळून झालेला पांढरा साका असतो. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा ओढायच्या, दोन्ही नळ्या त्यांच्यापुढे धरायच्या आणि रेघा सारख्याच अंधूक दिसेपर्यंत पातळ करायचं. तेवढ्या गढूळ पाण्यात मिलीमागे साधारण १५ कोटी जंतू. आम्ही दोघी खिडकीशी नळ्या धरून एक डोळा मिटून उभ्या, आजी सुईत दोरा ओवते तशा.

म्युलर-हिंटन आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ४ मिलीमीटर जाड. आगर हे मूळचं स्वयंपाकघरातलं, चायना ग्रासचा सख्खा भाऊ. १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी आपल्या नवऱ्याला सुचवलं की जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं तर जेलीला वापरतात ते आगर वापरून बघ. तेव्हापासून सगळं सूक्ष्मजीवशास्त्र त्यावर उभं आहे. हे जोडीदारणीने सांगितलं, डिश ओतता ओतता.

जंतूंचं पाणी कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी फासलं. वर ८ मिलीमीटरच्या जेलच्या चकत्या. ३५ अंश, १८ तास.

४ सप्टेंबर, बुधवार

झोन! ऑरियसवर १७ मिलीमीटर, ई. कोलायवर १५. चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ गोल वर्तुळ, चंद्राला खळं पडतं तसं. तीनही डिशवर. फोटो काढले, मॅडमना पाठवले, घरच्या ग्रुपवर पाठवले. मामाने अंगठा टाकला आणि विचारलं, हे इडलीपात्र आहे काय?

चवथीची सुट्टी लागतेय. यापेक्षा चांगल्या वेळी येऊच शकत नव्हतं.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती आले. माटोळी (गणपतीच्या डोक्यावरची फळांची छत) बांधताना मॅडमचा मेसेज: "ॲसिडचा कंट्रोल कुठे आहे?"

एवढंच. ना शाबासकी, ना चवथीच्या शुभेच्छा.

हातात कांगलांचा घोस घेऊन पाच मिनिटं शिडीवर उभी होते. जेल ॲसेटिक ॲसिडमध्ये केलं. ते धुतलं नाही. फ्रीज-थॉमध्ये काही धुवावं लागत नाही ही फुशारकी मीच २४ जुलैला लिहून ठेवलीय. म्हणजे चकतीच्या पोटात १ टक्क्याच्या आसपास ॲसिड तसंच बसलेलं. मडगावची माझी मैत्रीण, तिच्या घरी माडाच्या सुरेचं विनागर होतं आणि चोरिस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) त्यावर महिनोन्‌महिने टिकतो. विनागर जंतू मारतं हे इथल्या कुठल्याही कुजनात (स्वयंपाकघरात) माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. मला झोन हवा होता.

नेवऱ्या गोड लागल्या नाहीत. आईने विचारलं, "काय गो, उपास आहे काय?"

१८ सप्टेंबर, बुधवार

चार प्रकारच्या चकत्या, प्रत्येकी तीन:

पहिली, जेल जसं होतं तसं. दुसरी, नुसतं पीव्हीए, त्यात तेवढंच ॲसिड, कायटोसान अजिबात नाही. तिसरी, नुसतं पीव्हीए पाण्यातलं. चौथी, पीव्हीए-कायटोसान, पण सौम्य सोड्यात बुडवून मग डिस्टिल्ड पाण्याने पीएच ७ येईपर्यंत धुतलेलं. अकरा वेळा पाणी बदललं.

ऑरियसवर झोन, मिलीमीटरमध्ये: १७, १६, शून्य, शून्य.

पुन्हा वाचते. कायटोसान नसलेल्या चकतीला १६. धुतलेल्या कायटोसानच्या चकतीला शून्य. जोडीदारणीने डिश उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली, चकतीला लागून जंतूंची गादी जशीच्या तशी. ती म्हणाली, "विनागरचं जेल केलंस तू." दोन महिन्यांचं काम एका वाक्यात बसवलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमकडे रडायच्या तयारीने गेले. त्या खूश. म्हणाल्या, "आता प्रकल्प सुरू झाला."

त्यांनी जे समजावलं ते इथे मांडते, कारण मागच्या बॅचमध्येही याच जागी गोंधळ झाला होता म्हणे. झोन पडायला चकतीतून काहीतरी सुटून आगरमध्ये पसरावं लागतं. प्रतिजैविकाचे रेणू लहान असतात, ते पसरतात. कायटोसानची साखळी अवाढव्य, ती जेलमध्ये अडकलेली, ती पसरणार कशी? ती मारते ती अंगाला अंग लागलं तर. जंतूच्या आवरणावर ऋण भार, कायटोसानवर धन भार. ते चिकटतं, आवरण फाटतं, आतलं बाहेर गळतं. म्हणजे झोन शून्य आला म्हणून जेल निकामी ठरत नाही, तसंच झोन दिसला म्हणून ते कामाचं ठरत नाही. चाचणीच चुकीची होती.

पण आणखी एक खोट आहे. कायटोसानच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांवर भार राहतो तो आकडा) ६.५ च्या आसपास, आणि आगरचा पीएच ७.३. तिथे बहुतेक गटांवरचा भार उतरलेला असतो. आम्लात वाघ, बाहेर मांजर.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

संपर्काची चाचणी. जेलचा तुकडा जंतूंच्या पाण्यात २४ तास हलवत ठेवायचा, मग दहा-दहा पट पातळ करत डिशवर लावून कॉलन्या मोजायच्या. ३० ते ३०० च्या मधे कॉलन्या असलेली डिशच धरायची.

नुसत्या पीव्हीएबरोबर मिलीला १८ लाख. धुतलेल्या कायटोसान-जेलबरोबर २ लाख ४० हजार. टक्क्यांत सांगायचं तर ८७ टक्के मेले, ऐकायला काय छान! पण या धंद्यात टक्के बोलत नाहीत, लॉग बोलतात. दहा पटीने कमी म्हणजे १ लॉग. माझा ०.९. जपानी मानक जेआयएस झेड २८०१ प्रमाणे २ लॉग तरी हवा, तेव्हा पृष्ठभाग जंतुरोधक म्हणायचा. साबणाच्या वेष्टनावरचे ९९.९ टक्के म्हणजे ३ लॉग. हे कळल्यापासून न्हाणीघरात उगाच वाचत उभी राहते.

९ ऑक्टोबर, बुधवार

उपाय: धन भार कायमचा बसवायचा, पीएच काही असो. कायटोसानच्या अमिनो गटावर चतुर्थक अमोनियम गट जोडायचा. रसायन ग्लिसिडिल ट्रायमिथाइल अमोनियम क्लोराइड, ८० अंश, पाण्यात, रात्रभर. विषारी आहे, सगळं हुडमध्ये. थंड ॲसिटोनमध्ये ओतलं तशी पांढरी लोकर खाली बसली. धुऊन सुकवलं. आणि मग बीकरमध्ये चिमूटभर टाकलं, साधं पाणी घातलं.

विरघळलं. ॲसिड न घालता. विनागर या प्रकल्पातून हद्दपार.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

नव्या पदार्थाचं जेल. यावेळी शहाणपण आलेलं: चकती भिजत ठेवलेलं पाणीच आधी कागदी चकतीवर घेऊन तपासलं. झोन ११. म्हणजे माल जेलमधून पाण्यात गळतोय. पाण्यात विरघळतं हा गुण, तोच दोष. फ्रीज-थॉच्या गाठी पीव्हीएच्या, या साखळ्यांना कुणी बांधलेलंच नाही.

बांधायला ग्लुटाराल्डिहाइड स्वस्त, बाटली समोरच्या फळीवर. हात गेलाही होता. पण ते स्वतःच जंतुनाशक, २ टक्के द्रावणात दवाखान्यातली उपकरणं बुडवून ठेवतात. थोडं जरी जेलमध्ये राहिलं तर पुन्हा तोच तमाशा, विनागरच्या जागी दुसरं नाव. म्हणून जेनिपिन. महाग, मॅडमनी सही करताना माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. अनंताच्या जातीच्या झाडाच्या फळातून ते मिळतं. आमच्या पोरसात अनंत आहे, फुलं देवाला जातात.

३० ऑक्टोबर, बुधवार

जेनिपिन घातलं की जेल हळूहळू निळं होतं. आधी काही नाही, मग हिरवट, मग दुसऱ्या दिवशी गडद शाईसारखं. उरलेल्या मोकळ्या अमिनो गटांशी ते जुळतं. तसेच अमिनो गट आपल्या कातडीच्या प्रथिनांतही असतात, हे हातमोजा फाटल्यावर लक्षात आलं. तीन बोटं निळी. साबण, लिंबू, ॲसिटोन, काही चालत नाही. आज नरकासुराची रात्र, वाड्यावरच्या पोरांना वाटलं मी त्याचा पुतळा रंगवायला मदत करून आले. नाकारलं नाही.

गळती पुन्हा तपासली. पाण्याचा झोन शून्य. चकतीचाही शून्य. या शून्याचा मला आनंद झाला, ही प्रगती म्हणायची.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कालपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन सुरू झालं, ५ जानेवारीपर्यंत. फोंडा-पणजी बस त्याच रस्त्याने. सकाळी साडेआठला पोचणार होते, पोचले दहाला. म्हणजे माझे "२४ तास" झाले साडेपंचवीस. तशीच नोंद केली. जोडीदारीण पणजीचीच, पुढच्या खेपा वेळेवर काढायचं तिने कबूल केलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

तीन खेपांची सरासरी. ऑरियस: नुसत्या पीव्हीएबरोबर २१ लाख, निळ्या जेलबरोबर ५,२००. म्हणजे २.६ लॉग. ई. कोलाय: १६ लाखांवरून ६४ हजार, १.४ लॉग. ई. कोलायला बाहेरून एक जादा आवरण असतं, ते सहज फाटत नाही.

ऑरियससाठी २ ची रेघ ओलांडली. मी कोणालाही फोटो पाठवला नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

नाही पाठवला ते बरं. जोडीदारणीने विचारलं, "मेले की चिकटले?"

पाण्यातले जंतू कमी झाले हे खरं. पण जेलवर धन भार, जंतूंवर ऋण भार. ते मेले न मेले तरी जेलला जाऊन चिकटणारच. मग पाण्यात कमीच दिसणार. वापरलेली चकती तिने हलकी झटकली आणि कोऱ्या आगरवर शिक्क्यासारखी दाबली. सकाळी त्या जागी गोल ठसा, आणि ठशात बारीक पिवळट कॉलन्या. मोजल्या, चाळीसच्या वर. जिवंत.

मग व्यवस्थित केलं: चकती लेसिथिन आणि ट्वीन ८० घातलेल्या पाण्यात घालून जोरात घुसळायची. धन भार त्यात झाकला जातो, चिकटलेले सुटतात, ते मोजणीत धरायचे. ऑरियस ५,२०० चे १७,००० झाले, २.१ लॉग. ई. कोलाय ६४ हजारांचे ९० हजार, १.२५. रेघेच्या वर अजून आहे, पण नखभर.

रागावले का तिच्यावर? थोडी. तिला कॅन्टीनमध्ये बटाटवडा-पाव मीच दिला.

१८ डिसेंबर, बुधवार

शेवटची चाचणी, माझ्याच हट्टाने. जखमेत नुसतं मीठपाणी नसतं, प्रथिनं असतात, आणि प्रथिनंही ऋण भाराची. पाण्यात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालून ऑरियसवर तीच मोजणी: १९ लाखांवरून दीड लाख. १.१ लॉग. जंतूंच्या आधी प्रथिनंच जेलवर जाऊन बसतात आणि धन भार झाकून टाकतात.

मॅडम म्हणाल्या, हे अहवालात घालायलाच हवं असं नाही, विषयाच्या चौकटीबाहेर आहे. मी घातलं. प्रकरण चार, तक्ता शेवटचा. पेशींवरच्या चाचण्या आम्ही केल्या नाहीत. त्याला परवानग्या लागतात आणि वेगळी लॅब. जंतूचं आवरण फाडणारी वस्तू आपल्या पेशींना काय करते हे न बघता ती कुणाच्या अंगाला लावायची नाही, हेही लिहिलं.

आजीने विचारलं होतं, "निळी पट्टी माझ्या पायाला कधी?" म्हटलं, नाही गो आजी. गॉज सोडवण्याआधी सलाइनने दहा मिनिटं भिजवायचं, तेवढं सिस्टरना विचारून सुरू केलंय. आता ती ओरडत नाही, नुसती पुटपुटते.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या सरांनी पहिली पानं उलटली आणि म्हणाले, "झोनचा फोटो कुठाय?" पान ४१ उघडून दिलं. डावीकडे ४ सप्टेंबरची डिश, १७ मिलीमीटर, खाली लिहिलेलं "ॲसेटिक ॲसिड". उजवीकडे धुतलेली, शून्य. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही फोटो जवळ नेऊन बघितले, आणि मग वीस मिनिटं फक्त त्याच पानावर प्रश्न. बॉण्डिंग, एफटीआयआर (इन्फ्रारेड तपासणी), जे जे पाठ केलं होतं त्यातलं काही विचारलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

फ्रीजमधला तिसरा कप्पा रिकामा करून द्यायचा होता. जंतू लागलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करून टाकलं. निळ्या चकत्या सहा उरल्या, त्या ज्युनियरला. मी केलेल्या सुंगटांच्या कायटोसानची बाटलीही तिलाच, तिला डीॲसिटिलेशन वाढवून बघायचंय.

मागे सरकलेला डबा क्रमांक ५ सापडला. ज्युनियरने झाकण उघडून एक चकती बोटांनी वाकवली, सोडली, ती टणकन सरळ झाली. माझ्या पाच चक्रांच्या कुठल्याही चकतीपेक्षा चिवट.

"ताई, ही कुठली? वर नुसतं अडीच लिहिलंय."

वही तिच्या हातात दिली. २४ जुलै काढ म्हटलं.